नेट्समधील चेंडूचा वेग कॅमेऱ्याने मोजताना शटर आणि एक्स्पोजर

लेगकटर: नमस्कार. आमच्या अकादमीत मुलांच्या गोलंदाजीचा वेग मोजण्यासाठी खेळपट्टीच्या बाजूला सेकंदाला ३० फ्रेम घेणारा साधा वेबकॅम लावला आहे. चेंडू गोल न दिसता लांबट फराटा दिसतो, आणि एकाच मुलाचा वेग लागोपाठच्या चेंडूंना ताशी ९२ आणि १०८ किलोमीटर असा येतो, जे पटण्यासारखे नाही. जास्त फ्रेम घेणारा कॅमेरा आणला तर हा प्रश्न सुटेल का? मुले हे आकडे फार मनावर घेतात, त्यामुळे चुकीचा आकडा सांगण्याची माझी तयारी नाही.

फोटोडायोड: फराटा फ्रेमच्या संख्येमुळे येत नाही, तो एक्स्पोजरमुळे, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेऱ्याचा सेन्सर जितका वेळ प्रकाश गोळा करतो त्यामुळे, येतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर; सेन्सर १/६० सेकंद प्रकाश गोळा करत राहिला, तर तेवढ्यात चेंडू ४६ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या सहापटींहून अधिक. एक्स्पोजर १/२००० सेकंदावर आणले की हेच अंतर १४ मिलिमीटर उरते, आणि मग चेंडूचा मध्यबिंदू भरवशाने काढता येतो. मात्र प्रकाश तेहतीसपट कमी मिळतो, आणि गेन, म्हणजे सेन्सरच्या संकेताची वाढ, चढवून तो भरून काढायला गेलात तर चित्रात दाणे उमटतात. म्हणून शक्य तोवर उन्हातच मोजावे. बंदिस्त नेट्समध्ये आणखी एक अडचण येते: ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, त्यामुळे एक फ्रेम उजळ आणि पुढची काळोखी येते, आणि मागची फ्रेम वजा करून हालचाल शोधणाऱ्या प्रोग्रामला अख्खी भिंतच हलल्यासारखी वाटते.

डीपफाइनलेग: वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण आकडे वर-खाली होण्यामागे रोलिंग शटरही असू शकते. साधा वेबकॅम सगळे चित्र एकाच क्षणी टिपत नाही; तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. समजा १०८० ओळी वाचायला २० मिलिसेकंद लागतात आणि दोन फ्रेममध्ये चेंडू १०० ओळी खाली आला, तर त्या दोन नोंदींमधील खरे अंतर ३३.३ नसून सुमारे ३५.२ मिलिसेकंद असते. ही दुरुस्ती केली नाही, तर १०० चा वेग १०५ च्या पुढे दिसतो. टप्पा पडून वर उठणाऱ्या चेंडूचा उलट कमी दिसतो. ओळीचा क्रमांक पाहून वेळ दुरुस्त करता येते, पण माझ्या मते सरळ ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा, सेन्सर घ्यावा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी मिळणाऱ्या ग्लोबल शटर कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स २९६ सेन्सर आहे. तो १४५६ × १०८८ पिक्सेलचे चित्र सेकंदाला ६० वेळा देतो, आणि वाचायच्या ओळी कमी केल्या तर फ्रेम आणखी वाढतात.

लेगकटर: दोघांचेही मनापासून आभार. एका विद्यार्थ्याने इव्हेंट कॅमेऱ्याचे नाव सुचवले आहे. तो आमच्या कामाचा आहे का?

फोटोडायोड: तंत्र फार सुंदर आहे. त्यात फ्रेम नसतेच. प्रत्येक पिक्सेल स्वतःपुरता उजेडातील बदल पाहतो आणि बदल झाला तरच मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने वेळेसह नोंद पाठवतो. झुरिकच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला असा सेन्सर अवघा १२८ × १२८ पिक्सेलचा होता. पण वाऱ्याने जाळी हलली की तिच्याही नोंदींचा पूर येतो, शिवाय किंमत अकादमीला परवडणारी नाही. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला पांढरे कापड ताणून लावा. लाल चेंडू त्यावर ठळक उठतो, आणि साइटस्क्रीन पांढरा ठेवण्यामागेही हेच कारण आहे.

डीपफाइनलेग: एक राहिले. कॅमेरा चेंडूच्या रेषेपासून ६ मीटरवर असेल आणि चेंडू ३० सेंटिमीटर अलीकडून गेला, तर वेग सुमारे पाच टक्के जास्त येतो. दुसरा कॅमेरा गोलंदाजाच्या मागे उंचावर लावून चेंडूची रेषा नोंदवल्याशिवाय ही चूक निघणार नाही. ऑटो एक्स्पोजरही आधी बंद करा, नाहीतर ढग आला की कॅमेरा आपणहून १/२००० सोडून देईल.