सायक्लिक पेप्टाइडमधलं अमिनो अ‍ॅसिड एल की डी? साध्या सी-१८ कॉलमवर जमेल का

पिपेटवाला:
एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, मातीतल्या बॅक्टेरियातून सायक्लिक पेप्टाइड (अमिनो अ‍ॅसिडांची गोल साखळी) मिळालंय. व्हॅलिन, ऑर्निथिन, ल्युसिन, फेनिलअ‍ॅलनिन, प्रोलिन आहेत एवढं मास आणि एनएमआरवरून कळलं. सर म्हणतात ग्रामिसिडिन एस (असंच एक माहितीतलं सायक्लिक पेप्टाइड) दिसतंय, मग फेनिलअ‍ॅलनिन डी आहे आणि बाकी सगळी एल (एल-डी म्हणजे एकाच रेणूची आरशातल्यासारखी उलटसुलट दोन रूपं), हे दाखव. एल-डी थेट वेगळे करणाऱ्या चायरल कॉलमला बजेट नाही, साधी एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करायचं मशीन), नेहमीचा सी-१८ कॉलम आणि यूव्ही डिटेक्टर एवढंच आहे. पोलॅरिमीटरवर (प्रकाश किती वळतो ते मोजून) होईल का?

कॉलमकाका:
पोलॅरिमीटर विसर, पाच अ‍ॅसिडांच्या खिचडीचा एकच आकडा येणार, त्यातून काय काढणार. मार्फी रिएजंट वापर, म्हणजे एफडीएए, १९८४ पासूनची पद्धत आहे. त्याच्या रेणूत एल-अ‍ॅलनिनअमाइड असतंच. उजव्या हाताने एकदा उजवा आणि एकदा डावा हात धरून बघ, पकड वेगळी येते ना, तसं एल आणि डी दोघांना हाच रिएजंट चिकटवला की डायास्टेरिओमर होतात (म्हणजे आता एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा राहत नाहीत) आणि सी-१८ वर वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. शिवाय ३४० नॅनोमीटरला दणकून दिसतात.
आधी हायड्रोलिसिस, म्हणजे पेप्टाइड तोडून सुटी अमिनो अ‍ॅसिडं करायची: ६ नॉर्मल एचसीएलमध्ये सीलबंद ट्यूबमध्ये ११० डिग्रीला २४ तास, मग अ‍ॅसिड पूर्ण उडव, जरा जरी राहिलं तर पुढचा बायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट) खाऊन टाकतं आणि रिअ‍ॅक्शन अर्धवट राहते. नंतर अ‍ॅसिटोनमधला १% एफडीएए, १ मोलर बायकार्ब, ४० डिग्री, एक तास. थांबवायला एचसीएल घालशील तेव्हा फसफसतं, झाकण लगेच लावू नकोस. ग्लोव्हज घाल, बोटं पिवळी होतात.

बेसलाइन_बाई:
काकांना +१. बहुतेक वेळा एल आधी आणि डी नंतर येतं, पण तेवढ्यावर थीसिस लिहू नका, स्टँडर्ड (एल की डी हे माहीत असलेली शुद्ध अ‍ॅसिडं) चालवाच. डी-फेनिलअ‍ॅलनिन मिळालं नाही तर एल-स्टँडर्डला डी-एफडीएए (रिएजंटचं उलटं रूप) लावा, साध्या कॉलमवर ते डी-फेनिलअ‍ॅलनिन अधिक एल-एफडीएएच्याच जागी येतं. ऑर्निथिनला दोन अमिनो गट, रिएजंट कमी पडला की एकाच अ‍ॅसिडचे दोन-तीन पीक (आलेखातले सुळके) येतात आणि माणूस चक्रावतो. उरलेल्या रिएजंटचाही पीक असतो, म्हणून ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवाय नुसता रिएजंट, कॉलमवर सोडा.

पिपेटवाला:
भारी! पण एलच्या पीकसोबत डीचा बारीक पीक आला तर?

कॉलमकाका:
तो हायड्रोलिसिसचा प्रताप असू शकतो, उकळताना थोडं रॅसिमायझेशन (एलचं डी होणं) होतंच. सगळी एल असलेलं एखादं माहितीतलं पेप्टाइड त्याच ट्यूबांबरोबर उकळ, त्यातही तेवढंच डी दिसलं तर सोडून दे.

बेसलाइन_बाई:
आणि फेनिलअ‍ॅलनिनचे एल, डी दोन्ही पीक तगडे आले तर मात्र ग्रामिसिडिन एस नाही, त्यात दोन्ही फेनिलअ‍ॅलनिन डीच असतात. मग कुठल्या जागेवर कुठलं हे मार्फी सांगणार नाही, अर्धवट हायड्रोलिसिस करून तुकडे वेगळे करावे लागतील. सरांना आत्ताच सांगून ठेवा, महिना जातो त्यात.