शब्दचर्चा: गाडीचं 'ओरिजिनल' इंटिरियर म्हणजे मूळ, अस्सल की आणखी काही?

मी ओहायोत राहतो. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांकडे १९६९ ची शेव्हरोले कमॅरो आहे, इथल्याच नॉरवूडच्या कारखान्यात तयार झालेली. तो कारखाना १९८७ मध्ये बंद पडला. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या गाडीवर लेख लिहितोय आणि दोन आठवडे 'ओरिजिनल' या एकाच शब्दापाशी अडकलो आहे.

गाडीत बसल्यावर काय दिसतं ते सांगतो. मागच्या सीटचं कव्हर कारखान्यात चढवलं होतं तेच आहे. पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं आताच्या काळात जुन्या नमुन्यावरून शिवलेली. गालिचा नवा आहे, पण त्या सालच्या गाडीत असायचा तसाच, रेयॉन-नायलॉनच्या मिश्रणाचा आणि धाग्याचे फासे न कापता ठेवलेला. उजव्या दाराचं पॅनेल शेव्हरोलेनेच बनवलेलं, मात्र ते या गाडीबरोबर कारखान्यातून आलं नाही. सुटा भाग म्हणून विकायला ठेवलेलं, कित्येक वर्षं खोक्यात पडून राहिलेलं, मागाहून आणून बसवलेलं.

इथले लोक बोलता बोलता या चारही गोष्टींना 'ओरिजिनल' म्हणून जातात. हा घोळ नुसता शब्दांचा राहत नाही. पुढच्या सीटची कव्हरं शेजाऱ्यांनी एका विक्रेत्याकडून 'ओरिजिनल' म्हणून मागवली. पार्सल यायच्या आधीच जुनी कव्हरं उसवून टाकून दिली होती. खोकं उघडलं तर सगळं नवं शिवलेलं. विक्रेत्याचं म्हणणं, नमुना ओरिजिनल आहे असं मी म्हटलं होतं. पन्नास वर्षांचं कापड कचऱ्यात गेलं ते गेलंच. म्हणून मराठीत लिहिताना तरी प्रत्येक गोष्टीला तिचा वेगळा शब्द असावा असं मला मनापासून वाटतं. काय सुचतं?

प्रतिसाद, पुण्याहून

पहिलं काम म्हणजे 'मूळ' आणि 'अस्सल' वेगळे ठेवा. गंमत अशी की व्युत्पत्तीने दोन्ही एकच. 'अस्सल' अरबी 'अस्ल'वरून आला आणि त्याचा अर्थही मूळ, मुळी असाच आहे. पण मराठीत त्यांच्या वाटा फुटल्या. 'मूळ' म्हटलं की काळ येतो: आधीपासून होतं ते. 'अस्सल' म्हटलं की जात येते: खोटं नाही, भेसळ नाही. माणूस 'मूळचा सातारचा' असतो आणि 'अस्सल सातारी' असतो. पहिल्यात कुठून आला ते सांगितलं, दुसऱ्यात कसा आहे ते.

तुमच्या मागच्या सीटचं कव्हर मूळ. दाराचं पॅनेल अस्सल, पण मूळ नव्हे. इंग्रजीत दोघांना एकच शब्द लावल्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांचं नुकसान झालं.

इतिहासाच्या अभ्यासात 'अस्सल कागद' आणि 'नक्कल' हा भेद फार जपतात. नक्कल म्हणजे बनावट नव्हे बरं का. नक्कल प्रामाणिक असते, ती स्वतःला नक्कल म्हणवते. बनावट कागद मात्र अस्सल असल्याचा दावा करतो. पुढच्या सीटची कव्हरं नक्कल म्हणून विकली असती तर कुणाची तक्रार नव्हती.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

माझं गाड्यांच्या कुशनचं काम आहे, वडिलांपासून. आमच्याकडे शब्द सरळ आहेत. 'कंपनी फिटिंग' म्हणजे गाडीबरोबर आलेलं. 'कंपनीचा माल' म्हणजे कंपनीने बनवलेला, बसवला कुणीही असेल. त्याखाली 'मार्केटचा माल' आणि सगळ्यात खाली 'डुप्लिकेट'. गिऱ्हाईक 'ओरिजनल टाका' म्हणतं तेव्हा आम्ही आधी विचारतो, कंपनीचा माल पाहिजे का कंपनीसारखा पाहिजे? दोन्हीचे भाव वेगळे.

न वापरता पडून राहिलेल्या जुन्या मालाला आम्ही 'जुना कोरा' म्हणतो. अँबेसिडर, पद्मिनीचं सामान कधी कधी असं निघतं.

प्रतिसाद, मिशिगनहून

'जुना कोरा' वाचून उठून उभा राहिलो! इथे त्याला न्यू ओल्ड स्टॉक म्हणतात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काही कळत नाही. कोरं कापड, कोरा कागद, कोरी साडी… हात न लागलेलं, पाणी न लागलेलं हे सगळं त्या एका शब्दात येतं. हाच वापरा.

एक भर घालतो. 'कंपनी फिटिंग' म्हणताना कुठली कंपनी हेही विचारावं लागतं. १९६५ ची शेल्बी जीटी ३५० घ्या. फोर्डच्या सॅन होजे कारखान्यात मस्टँग तयार व्हायची, मागची सीट न बसवताच ती लॉस एंजेलिसला शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बींच्या कारखान्यात जायची आणि तिथे बाकीचं काम व्हायचं. शर्यतीच्या नियमांत दोन आसनी गाडी म्हणून बसावी यासाठी मागची सीट नाही, तिच्या जागी सुटं चाक. डॅशबोर्डच्या मधोमध वर वेगळा खोपा करून त्यात टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) आणि ऑइल प्रेशरचा काटा. फोर्डच्या दृष्टीने हे बाहेरचं काम. शेल्बीच्या दृष्टीने कंपनी फिटिंग. आज अशा गाडीत कुणी मस्टँगची मागची सीट आणून बसवली तर ती सीट अस्सल फोर्डची असेल आणि तरी त्या गाडीत चुकीचीच असेल. मूळ काय हे त्या त्या गाडीच्या जन्मकथेवर ठरतं.

धागाकर्ता

कोल्हापूरकर, 'जुना कोरा' घेतला. दाराच्या पॅनेलचा प्रश्न सुटला.

पुण्याच्या प्रतिसादातला 'अस्सल कागद' मला अगदी शब्दशः उपयोगी आहे. आतलं काय मूळ होतं हे ठरवायला इथले लोक खरोखरच कागद शोधतात. गाडी बनत असताना कामगारांना कुठले भाग बसवायचे हे सांगणारा एक छापील तक्ता असायचा. काम झालं की तो कुठेतरी खुपसून दिला जायचा, म्हणून तो सापडतो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर. आमच्या शेजाऱ्यांचा तक्ता सीटच्या स्प्रिंगांतच निघाला, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. त्यांनी तो काचेत बसवून घेतलाय. पाँटिअॅक गाड्यांच्या मालकांचं नशीब बरं, १९६१ पासूनच्या गाड्यांच्या बिलांच्या नोंदी टिकल्या आहेत आणि पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्यांची प्रत मिळते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदींवरून मार्टी ऑटो वर्क्स गाडीगणिक अहवाल देतं. या कमॅरोसाठी शेव्हरोलेकडे अशी गाडीगणिक नोंदच नाही. म्हणून तो उंदराने कुरतडलेला कागद एवढा मोलाचा.

दुसरा पुरावा फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या छोट्या पट्टीचा, ट्रिम टॅगचा. तिच्यावर आतल्या रंगाचा आणि कापडाचा आकडा ठोकलेला असतो. १९६९ च्या इंडियानापोलिस शर्यतीच्या पेस कारसारख्या (शर्यत सुरू होताना सगळ्यांच्या पुढे धावते ती गाडी) ३,६७५ कमॅरो विकायला काढल्या, त्यांच्या पट्टीवर ७२० हा आकडा असतो: नारिंगी हाउंडस्टूथ, म्हणजे दातेरी नक्षीच्या चौकड्यांचं कापड. पण 'ट्रिम' हा शब्द मराठीत दाढी आणि झाडं यांच्यासाठी रुळलाय. 'ट्रिम टॅग' लिहिलं तर वाचक काय समजेल?

प्रतिसाद, कोल्हापूरहून

साज म्हणा. घोड्याचा साज असतो तसा गाडीचा आतला साज. खोगीर, लगाम, झूल सगळं त्यात येतं, आणि आमच्या गावचा गळ्यातला साज आहेच. पट्टीला 'साजपट्टी'. आणि ते हाउंडस्टूथ फार बारकाईने सांगायचं नसेल तर 'दातेरी चौकडी' म्हणा, कापडवाल्याला बरोबर कळेल.

प्रतिसाद, पुण्याहून

'साज' उत्तम. घोड्यावरून आठवलं, डॅशबोर्डसुद्धा घोड्याचाच. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बग्गीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती ही.

धागाकर्ता

आणि शेव्हरोले ज्यांची त्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत दाराच्या उंबरठ्यावर जी पट्टी असते, 'बॉडी बाय फिशर' लिहिलेली, तिच्यावर बग्गीचंच चित्र आहे! 'साजपट्टी' नक्की.

प्रतिसाद, नाशिकहून

गाड्यांतलं मला काही कळत नाही, भाषेसाठी वाचत होते. 'रिस्टोरेशन'ला काय म्हणणार? कृपा करून 'जीर्णोद्धार' लिहू नका. आमच्या गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा काळ्या दगडावर ऑइल पेंट चढला आणि गाभाऱ्यात चकचकीत फरश्या आल्या. भक्तीने केलं सगळं, पण मूळ देऊळ दिसेनासं झालं.

धागाकर्ता

तुमचं दुःख इथल्या गाडीवाल्यांना पुरेपूर समजेल. त्यांच्यातही यावरून वाद आहेत. कारखान्यात काम घाईत व्हायचं. शिवण कधी तिरकी, रंगाचे शिंतोडे नको तिथे उडालेले, तपासनिसाच्या खडूच्या खुणा तशाच राहिलेल्या. हौशी मालक हे सगळं पुसून गाडी कारखान्यातून आली त्याहून सुंदर करून ठेवतो. शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट, तिच्या मालकांची नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी १९७४ पासून आहे. त्यांचे परीक्षक गाडी किती चकाकते ते बघत नाहीत, कारखान्यातून त्या काळी जशी निघायची तशी आहे का ते बघतात. गरजेपेक्षा सुबक कामाचेही गुण कापतात. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते. मी 'पूर्ववत करणे' लिहीन. आणि जे हात न लावता सांभाळलं त्याला 'जतन'.

गालिच्यासाठी एक शब्द सुचलाय, बघा पटतो का: बरहुकूम. 'हुकुमाबरहुकूम' आपण म्हणतोच. गालिचा मूळ नाही, शेव्हरोलेचा नाही म्हणून अस्सलही नाही, पण कारखान्याच्या त्या तक्त्याबरहुकूम आहे. इथे याला 'करेक्ट' म्हणतात. 'बरोबर' म्हटलं तर फार ढोबळ होतं.

प्रतिसाद, मिशिगनहून

पटला. कारण 'बरहुकूम' म्हटलं की कशाबरहुकूम ते सांगावंच लागतं. 'ओरिजिनल'च्या मागे लपता येतं, याच्या मागे नाही.

'कस्टम'कडे मात्र लक्ष द्या. आपल्याकडे कस्टम म्हणजे मालकाने हौसेने बदललेलं. १९६९ च्या कमॅरोत 'कस्टम इंटिरियर' हा शेव्हरोलेच्याच यादीतला पर्याय होता, झेड ८७. जास्त पैसे दिले की कारखान्यातच बसवून मिळायचा. म्हणजे 'कस्टम' हेच कंपनी फिटिंग. नुसतं 'कस्टम' लिहिलंत तर वाचक अगदी उलटं समजेल.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

सीटचं कापड कशाचं? रेक्झिन?

धागाकर्ता

व्हायनल, म्हणजे प्लॅस्टिकचा लेप दिलेलं कापड. 'रेक्झिन' हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचं नाव, आणि त्या कापडावरचा लेप नायट्रोसेल्युलोजचा असायचा. पण मराठीत तो शब्द आता सगळ्याच नकली चामड्याचा झालाय, म्हणून मी 'व्हायनलचं रेक्झिन' लिहीन. इथेही नावांची हौस कमी नव्हती. पाँटिअॅकने आपल्या व्हायनलला 'मॉरोकाइड' नाव दिलं होतं. जुन्या माहितीपत्रकात ते वाचून मी आधी चामडंच समजलो होतो.

लेखातला परिच्छेद आता असा झालाय: 'मागच्या सीटवरचं रेक्झिन मूळ आहे. दाराचं पॅनेल अस्सल, जुनं कोरं, नंतर बसवलेलं. गालिचा नवा, पण तक्त्याबरहुकूम. पुढच्या सीटची कव्हरं नक्कल आहेत.' शेजाऱ्यांना इंग्रजीत समजावून सांगितला. शेवटच्या वाक्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तसंच छाप.

एक शब्द अजून हवाय. स्टिअरिंगची कडा तळहातांनी गुळगुळीत झालीय, नक्षी जवळजवळ पुसली गेलीय. ते त्यांना बदलायचं नाही. 'झिजलेलं' लिहायला माझा हात धजत नाही.

प्रतिसाद, नाशिकहून

रुळलेलं. पायवाट रुळते तसं.