६,००० ओळींच्या बिलिंग फाइलचे तुकडे केले, पण गुंता तसाच आहे

प्रश्न – गल्लापेटी

जनरल स्टोअरसाठी पायथॉन भाषेत, एसक्यूलाइट डेटाबेस वापरून लिहिलेला बिलिंगचा प्रोग्रॅम आहे. आधी सगळा एकाच फाइलीत होता, साधारण ६,००० ओळी. आता इनपुट, बिल, छपाई आणि स्टॉक अशा चार फाइली केल्या आहेत. दोन अडचणी आहेत.

१. बिल.पीवाय चालवली की 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल'मधून (म्हणजे अर्धवट तयार झालेल्या फाइलीतून) नाव इम्पोर्ट करता, म्हणजे आणता येत नाही असा एरर येतो. बिल स्टॉकमधलं 'माल_वजा' वापरतं आणि स्टॉक बिलमधून 'चालू_बिल_क्रमांक' आणि 'पूर्णांकन' घेतं.

२. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा इनपुट, बिल आणि छपाई या तिन्ही फाइलींत हात घालावा लागला. मग फाइली वेगळ्या करून मिळालं काय?

उत्तर – अर्धविराम

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं मूळ तिथेच आहे.

तुम्ही कामाच्या क्रमाने तुकडे केलेत: आधी माहिती घ्या, मग हिशेब करा, मग छापा. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच दाखवून दिलं होतं की अशी फ्लोचार्टबरहुकूम वाटणी बदलाच्या वेळी हमखास नडते. पुढे बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात ठेवायचा आणि बाहेरच्यांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही त्यांची कसोटी आजही तितकीच खरी आहे.

तुमच्याकडे 'दर किती' हा निर्णय तीन ठिकाणी सांडला आहे. इनपुटमध्ये दराची यादी दिसते, बिलात त्याने गुणाकार होतो आणि छपाईत १२ आणि १८ चे रकाने पक्के लिहिलेले असणार. कर नावाचं एकच मॉड्यूल करा आणि त्याला बाहेरून दिसणारं एकच फंक्शन ठेवा: 'कर_काढा'. त्यात एचएसएन (मालाचा वर्गीकरण कोड), करपात्र रक्कम, बिलाची तारीख आणि पुरवठ्याचं राज्य द्यायचं. बदल्यात सीजीएसटी (केंद्राचा वाटा), एसजीएसटी (राज्याचा वाटा), आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर) आणि वापरलेला दर मिळेल. दुकान महाराष्ट्रात असेल, तर राज्याचा कोड २७ म्हणजे महाराष्ट्रच आल्यावर कर सीजीएसटी-एसजीएसटीत निम्मा-निम्मा आणि ३० म्हणजे गोवा आल्यावर आयजीएसटी, हे फक्त या मॉड्यूलला ठाऊक असावं. छपाईने मिळालेल्या दरांवरून रकाने पाडायचे.

तारीख पॅरामीटर म्हणूनच द्या, आत 'आजची तारीख' काढू नका. टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आली. २० सप्टेंबरचं बिल आज पुन्हा छापलं तरी त्यावर १८ च दिसायला हवेत. त्या बिलावरचा माल परत आला, तर परतावाही त्याच दराने.

उत्तर – सांधेजोड

एररचं कारण असं. पायथॉन मॉड्यूल इम्पोर्ट करताना त्याची नोंद आधी सिस.मॉड्यूल्स या आपल्या नोंदवहीत करतो आणि मग त्यातला कोड वरून खाली चालवतो. स्टॉक अर्धवट चाललेला असताना त्याने बिल मागवलं आणि बिलाने उलट स्टॉककडे 'माल_वजा' मागितलं, तर अर्धवट तयार झालेलं स्टॉक मॉड्यूल हाती येतं. ते नाव तोवर तयारच झालेलं नसतं.

इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या आत ढकलली की एरर जातो, पण दोघांची गाठ तशीच राहते. हे ठिगळ लावू नका. स्टॉकला बिल माहीत असायचं कारणच नाही. 'माल_वजा'ला वस्तू, नग आणि संदर्भ असे तीन पॅरामीटर द्या, बिल क्रमांक संदर्भ म्हणून जाईल. उद्या मोडतोड झालेला माल वजा करायचा झाला तरी तेच फंक्शन चालेल. 'पूर्णांकन' रक्कम नावाच्या वेगळ्या फाइलीत न्या, आणि त्या फाइलीने प्रोग्रॅममधलं दुसरं काहीही इम्पोर्ट करायचं नाही.

आणखी एक खाच आहे. बिल.पीवाय थेट चालवता तेव्हा पायथॉन तिला 'मेन' या नावाने धरतो. स्टॉकने बिल मागवलं की तीच फाइल दुसऱ्यांदा, वेगळ्या नावाने चालते. एरर आला नसता तरी 'चालू_बिल_क्रमांक' हे ग्लोबल (सगळ्या फाइलीला दिसणारं) व्हेरिएबल दोन जागी, दोन वेगळ्या मूल्यांचं राहिलं असतं. म्हणून सुरुवातीची फाइल दहा-पंधरा ओळींची, निराळी ठेवा. तिला कोणीही इम्पोर्ट करणार नाही.

उत्तर – पैपैसा

हे सगळं करण्याआधी जुन्या प्रोग्रॅममधून २०० बिलं टेक्स्ट फाइलीत काढून ठेवा. त्यांत सवलतीची, परताव्याची, परराज्याची आणि शून्य दराची बिलं हवीतच. प्रत्येक हलवाहलवीनंतर तीच बिलं नव्याने काढून डिफ (आधीच्या आणि नंतरच्या मजकुरातला फरक) बघा. छपाईची वेळ दर वेळी वेगळी येईल, ती आधी गाळा.

एका पैशाचा फरक दिसला तर बहुतेक पूर्णांकन जागा बदलून बसलंय. ९९.५० रुपयांवर १८ टक्के म्हणजे १७.९१. पण ९ टक्के वेगळे काढले तर ८.९५५, त्याचे ८.९६, आणि दोन्ही मिळून १७.९२. कुठल्या टप्प्यावर पूर्णांकन करायचं हे फक्त कर मॉड्यूलने ठरवावं. फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, डेसिमल (दशांश नेमका साठवणारा) घ्या, तोही अवतरणातल्या आकड्यावरून बनवा. पायथॉनचा राउंड २.५ चे २ करतो. तुम्हाला क्वांटाइझ (ठरावीक दशांशांपर्यंत आणणं) आणि राउंड हाफ अप (अर्धा आला की वर नेणं) लागेल.

गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणारं साधन) कोड हलवणं आणि बदलणं एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत करू नका, नाहीतर डिफमध्ये खरा बदल सापडत नाही.

गल्लापेटी

मनापासून आभार. दरांच्या टेबलात 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन कॉलम ठेवू का?

अर्धविराम

फक्त 'पासून' ठेवा. बिलाच्या तारखेपर्यंतची सर्वांत अलीकडची ओळ उचलायची. दोन कॉलम ठेवले की मध्ये एखादा दिवस सुटतो किंवा दोन दर एकमेकांवर चढतात. तारीख २०२५-०९-२२ अशीच लिहा. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाही, मजकूर म्हणून तुलना होते. २२-०९-२०२५ असं लिहिलंत, तर ०५-१०-२०२५ च्या बिलाला ती ओळ पुढची वाटेल आणि ०१-०७-२०१७ चा जुना १८ टक्के दर लागेल, तोही कुठलाच एरर न येता.