फिशटँकमध्ये टेट्रासायक्लिनची कॅप्सूल टाकावी का?

काचटाकी_लातूर

नमस्कार. माझ्या घरी साधारण 120 लिटरची काचेची टाकी असून तिच्यात काही गोल्डफिश आणि मोली आहेत. दोन गोल्डफिशच्या शेपटीच्या कडा पांढरट होऊन झिजू लागल्या आहेत आणि त्यांपैकी एक मासा सतत पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतो. येथील एका दुकानदाराने टेट्रासायक्लिनची 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल फोडून सरळ टाकीत टाकण्यास, आणि मासे तरतरीत दिसू लागले की थांबण्यास सांगितले. कॅप्सूल त्याने चिठ्ठीशिवायच दिली. मी ती अद्याप वापरलेली नाही, कारण अशा अर्धवट वापरामुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात, असे घरातील परिचारिका असलेल्या सदस्याचे म्हणणे आहे.

पाण्याची स्थितीही सांगतो. आमच्याकडे नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, त्यामुळे उन्हाळ्यात टाकीचे पाणी बदलणे लांबते, आणि बदलायचे झाल्यास बोअरचे पाणी वापरावे लागते. ते इतके क्षाराचे आहे की काचेवर पांढरा थर बसतो. अशा पाण्यात हे औषध चालते का, आणि एका टाकीतील कॅप्सूलमुळे खरोखर काही बिघडते का, हे जाणकारांनी सांगावे.

औषधनिर्माता_परभणी

आपण कॅप्सूल टाकली नाही, हे उत्तम केले. दुकानदाराच्या सल्ल्यातील अडचण आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या भागातच दडलेली आहे. टेट्रासायक्लिन गटातील औषधे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी घट्ट बांधली जातात आणि तसे झाले की माशाच्या शरीरात त्यांचा फारच थोडा अंश पोहोचतो. हे औषध दुधासोबत घेऊ नका असे आम्ही रुग्णाला सांगतो, त्यामागचे कारण हेच कॅल्शियम असते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातील बोअरच्या पाण्यात या दोन्ही क्षारांची रेलचेल असते. शिवाय हिशेब पाहा : 500 मिलिग्रॅम औषध 120 लिटर पाण्यात विरघळले तर एका लिटरला जेमतेम 4 मिलिग्रॅम येते, त्यातील बराच भाग क्षारांनी बांधला जातो आणि उरलेला उजेडात विघटित होत जातो. जिवाणू मरणार नाहीत, परंतु त्यांना औषधाची ओळख होईल, अशीच ही मात्रा आहे. प्रतिरोध निर्माण होण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती शोधून सापडणार नाही, कारण दुर्बल जिवाणू तेवढे मरतात आणि थोडेफार तग धरणारे मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात.

म्हणून चार कॅप्सूल टाकाव्यात, असा याचा अर्थ मात्र कृपया काढू नये. माशांना होणाऱ्या जिवाणूजन्य आजारांपैकी बरेचसे एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लॅवोबॅक्टेरियम यांसारख्या ग्राम-ऋण या गटातील जिवाणूंमुळे होतात. दुकानांत सर्रास सुचवले जाणारे एरिथ्रोमायसिन हे मुख्यतः ग्राम-धन या दुसऱ्या गटातील जिवाणूंवर चालते, म्हणजे ते येथे बहुधा निरुपयोगीच ठरते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात तो आजार तर जिवाणूंहून वेगळ्या अशा एका आदिजीवामुळे (एकपेशीय परजीवीमुळे) होतो आणि त्यावर कोणतेही जिवाणूनाशक चालत नाही. निदान न करता कॅप्सूल फोडणे म्हणजे निव्वळ अंदाज होय.

कायद्याच्या बाजूने एकच सांगतो : आपल्या देशात टेट्रासायक्लिनसह बहुतेक प्रतिजैविके चिठ्ठीवरच द्यावयाची आहेत, आणि काही निवडक औषधांसाठी 2014 पासून एच-1 ही अधिक कडक अनुसूची लागू आहे. मासा रुग्ण आहे म्हणून दुकानदाराला यातून सूट मिळत नाही.

गोदाकाठ_नांदेड

वरील माहिती योग्य असेलही, पण व्यवहार पाहावा. कुक्कुटपालनात आणि मत्स्यशेतीत प्रतिजैविके किती वापरली जातात, याच्या तुलनेत बैठकीतल्या काचेच्या टाकीतील एक कॅप्सूल ती काय! शहरात माशांचा डॉक्टर मिळत नाही आणि मासा दोन दिवसांत मरतो. अशा वेळी माणसाने हातावर हात धरून बसावे काय? मी टेट्रासायक्लिन वापरलेले आहे आणि माझे मासे बरे झालेले आहेत.

मत्स्यशास्त्र_उदगीर

नांदेडच्या मित्रांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, कारण मोठ्या वापरापुढे घरगुती वापराचे प्रमाण खरोखरच नगण्य आहे. तथापि गोदावरीत किती औषध जाते, हा येथे प्रश्नच नाही. घरची टाकी म्हणजे कोमट, सेंद्रिय द्रव्याने भरलेले पाणी. तिच्यातील फिल्टरच्या स्पंजावर आणि खड्यांवर जिवाणूंचा दाट थर असतो, आणि अशा थरात निरनिराळ्या जातींचे जिवाणू प्लाझमिडद्वारे (म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांद्वारे) प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देत असतात. त्याच पाण्यात आपण खरचटलेला हात घालतो, आणि कित्येक जण सायफनची नळी तोंडाने ओढतात. एरोमोनास माणसाच्या जखमेतही शिरू शकतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा टाकीतील जिवाणू हातावर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी निर्माण करतो. शोभिवंत मासे आणि ते ज्या पिशवीतील पाण्यातून येतात ते पाणी यांत अनेक औषधांना दाद न देणारे जिवाणू मोठ्या प्रमाणावर असल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात आढळले होते, म्हणजे दुकानातून आणलेला मासा हे ओझे आधीच घेऊन आलेला असण्याची शक्यता आहे. मग टाकीत दुसऱ्यांदा खरा संसर्ग झाला तर आपल्या हाती काहीच उरत नाही. अमेरिकेत 11 जून 2023 पासून प्राण्यांसाठीची, मानवी उपचारांतही महत्त्वाची असलेली प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर आणली गेली, ती याच विचाराने.

मासे बरे झाले याचे श्रेय औषधालाच द्यावे का, याचीही खातरजमा व्हायला हवी. औषध टाकताना बहुतेक लोक आधी पाणी बदलतात आणि खाणे कमी करतात. लातूरच्या टाकीचे वर्णन वाचून मला जिवाणूंपेक्षा अमोनियाचाच संशय अधिक येतो. पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो आणि तापमान वाढले की आणखी वाढतो. क्षाराचे बोअरचे पाणी, मे महिन्याचा उकाडा, लांबलेला पाणीबदल आणि भरपूर विष्ठा करणारे गोल्डफिश हे चारही एकत्र आले, तर कल्ले भाजतात, मासा वर येऊन तोंड उघडतो, पंखांच्या कडा झिजतात आणि जिवाणू त्यानंतर त्या झिजलेल्या जागी शिरतात. अशा टाकीत प्रतिजैविक टाकले तर अमोनिया पचवणारे फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही मार खातात आणि मूळ दुखणे बळावते.

तेव्हा प्रथम अमोनिया, नायट्राइट आणि सामू किटने मोजा. दोन दिवस खाणे बंद ठेवा, एअर पंप जोरात चालवा आणि रोज पाचवा हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट वापरा, आणि पाणी कमी पडत असेल तर काही मासे दुसऱ्या टाकीत हलवणे हाच प्रामाणिक उपाय आहे. आजारी मासे 20 लिटरच्या टबात वेगळे ठेवून आयोडीनविरहित खडेमीठ लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे एकूण 40 ग्रॅम, आधी विरघळवून थोडेथोडे घाला. मुख्य टाकीत मीठ टाकण्याची गरज नाही, विशेषतः तिच्यात वनस्पती असतील तर. एवढे करूनही झीज शेपटीच्या मुळाकडे सरकत गेली, अंगावर लाल डाग आले किंवा तोंडाभोवती कापसासारखा थर दिसू लागला, तर मात्र थांबू नका. तो थर बुरशीचाही असू शकतो आणि कॉलम्नॅरिस या जिवाणूचाही, आणि हा फरक सूक्ष्मदर्शकाखालीच स्पष्ट होतो. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे आधी फोन करून विचारावे. औषध द्यावे लागलेच, तर शक्यतो खाद्यातून, वेगळ्या टबात आणि ठरलेला काळ पूर्ण होईपर्यंत.

काचटाकी_लातूर

आपले मनापासून आभार. आज किट आणून तपासले असता अमोनियाचा रंग बराच गडद हिरवा आला, तेव्हा कॅप्सूल परत कपाटात गेली. एक शंका उरली : टाकीतले काढलेले पाणी आम्ही कुंड्यांना आणि परसातल्या मेथीला घालतो, कारण येथे एक बादलीही वाया घालवणे परवडत नाही. पुढे कधी टबात औषध द्यावे लागले, तर त्या पाण्याचे काय करावे?

औषधनिर्माता_परभणी

साधे टाकीचे पाणी कुंड्यांना खुशाल घाला, त्यातील नायट्रेट झाडांना उपयोगीच पडते. मेथी मात्र कच्ची खात असाल तर पानांवर न ओतता मुळाशी घालावे. औषधाच्या किंवा मिठाच्या टबातील पाणी झाडांना अजिबात घालू नये. औषधाच्या पाण्यात आधी सक्रिय कोळशाची पिशवी टाकून एअर पंप एक दिवस चालू ठेवावा, कारण बरीचशी प्रतिजैविके कोळशावर चिकटतात. त्यानंतर कोळसा काढून पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळावी, काही तासांनी ते शौचालयात ओतावे, आणि कोळसा पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. टब, जाळी आणि नळी मुख्य टाकीसाठी पुन्हा वापरू नये. कपाटातील कॅप्सूल तेवढी घरातल्या कोणी तापासाठी घेणार नाही, याची काळजी घ्यावी.