मदत हवी आहे: दम्याच्या पेशंटला घेऊन कझाकस्तानातल्या आल्माटीला कधी जावं?

नमस्कार मंडळी,

मामेबहीण आल्माटीत एमबीबीएस करतेय. "जानेवारीत या, बर्फच बर्फ!" म्हणून मागे लागलीय. आईबाबांना आठवडाभर न्यायचा विचार आहे. आपल्याला १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तो प्रश्न मिटला. घोडं अडलंय ते बाबांच्या दम्यापाशी.

वीस लाखांवर वस्तीचं हे शहर आलाताउ डोंगरांच्या कुशीत आहे. हिवाळ्यात वारा पडला की कोळशाच्या वीजकेंद्राचा, घरोघरच्या शेगड्यांचा आणि गाड्यांचा धूर तिथेच कोंडतो म्हणे. बहिणीच्या फोटोत मागे लख्ख शिखरं आणि खाली इमारती दिसेनाशा झालेल्या! ती म्हणते, सवय होते. आठवडाभरासाठी बाबांनी कशाला सवय करून घ्यायची?

बाबा प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेत. 'सर्वांसाठी आरोग्य'वाला १९७८ चा अल्मा-आटा (आल्माटीचं तेव्हाचं नाव) जाहीरनामा म्हणजे त्यांचं दैवत. ती परिषद जिथे भरली ते सभागृह त्यांना बघायचंच आहे. आईला १९११ च्या भूकंपात टिकलेलं लाकडी झेंकोव्ह कॅथेड्रल आणि रोपवे. आई शाकाहारी, तिचे गुडघेही दुखतात.

तर जानेवारी रद्दच करू का? मग कधी? राहायचं कुठे? डोंगरातल्या शिम्बुलाक स्की रिसॉर्टची उंची बाबांना झेपेल का?

प्रतिसाद

जानेवारी विसरा. मे महिन्यात पाऊस असतो, सप्टेंबर उत्तम. बाबांची परिषदही सप्टेंबरातच झाली होती!

शहर उतारावर आहे. तिथे 'वर' म्हणजे दक्षिणेला डोंगराकडे, 'खाली' म्हणजे उत्तरेला. हॉटेल वरच्या अंगाला, दोस्तिक रस्त्याच्या आसपास बघा. बाबांचं सभागृह (तेव्हाचा लेनिन पॅलेस, आताचा पॅलेस ऑफ द रिपब्लिक) त्याच रस्त्यावर आहे आणि कोक-तोबे टेकडीचा रोपवे त्याला लागूनच सुटतो. आईबाबा दोघंही खूश, चालणं नाममात्र.

मेदेऊची स्केटिंग रिंक १६९१ मीटरवर आहे, तिथपर्यंत हरकत नसावी. शिम्बुलाकच्या रोपवेतून पहिल्या टप्प्यावर उतरा. शेवटचं स्टेशन ३२०० मीटरच्या आसपास आहे, तिथे धडधाकट माणसालाही धाप लागते. तरी डॉक्टरांना विचारून घ्या, इनहेलर हातातल्या पिशवीत ठेवा.

आईसाठी ग्रीन बझार: सुकामेवा, तंदूरचा नान आणि कोरियन बायकांकडची किसलेल्या गाजराची आंबट-तिखट कोशिंबीर. मात्र मांसाच्या विभागाकडून आत शिरू नका, तिथे घोड्याचं मांस टांगलेलं असतं.