मुलं लहान असतील तर औलीच

ताई, सात वर्षांच्या मुलीला स्कीइंगसाठी गुलमर्गला न्यावं की औलीला, असं विचारलंत. माझं मत उत्तराखंडातली औली. गुलमर्गलाही शिकाऊंसाठी खाली सोपा उतार आहे, पण गर्दी फार. औली निवांत, समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी. आमचा पोरगा पहिल्या दिवशी स्कीची टोकं जवळ आणून, मागून फाकवून थांबायला तेवढं शिकला. जड बूट खटकन बसला की गालभर हसायचा!

नागपूरहून रेल्वेने दिल्ली, पुढे हरिद्वार. तिथून औलीच्या पायथ्याचं जोशीमठ म्हणजे अख्खा दिवस घाट, पोरांना मळमळतं. वाटेत मुक्काम कराच. जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जमीन खचल्याने जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, त्यामुळे वर जीपनेच जायचं धरा. आणि आपले नागपुरी स्वेटर तिथे पुरत नाहीत. हातमोजे दोन जोड न्या, एक ओला होतोच.