टू-फाइव्ह-वनवर सोलो: कुठल्या कॉर्डवर कुठला ट्रायड?

सहा_तारा:
गिटारवर टू-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. पहिल्या दोन कॉर्ड एकेक बार (चार ठोक्यांचा), शेवटची दोन बार. सगळीकडे सी मेजर स्केल चालते, पण कॉर्ड बदलली हे सोलोत ऐकूच येत नाही. त्या त्या कॉर्डचा ट्रायड (तीन स्वरांची साधी कॉर्ड) घेतला तर नुसती कॉर्ड सुटी करून वाजवल्यासारखं होतं. ट्रायड निवडायचे कसे? आणि हात फार न हलवता सापडतील असे?

तिसरी_तार:
रूटवरचा (कॉर्डच्या मूळ स्वरावरचा) ट्रायड सोडा, तो स्वर बेस धरतोच आहे. कॉर्डच्या तिसऱ्या स्वरापासून सुरू करा. डी मायनर सेव्हनमधून डी काढला की उरतो एफ मेजर. जी सेव्हनमधून जी काढला की बी डिमिनिश्ड, सी मेजर सेव्हनमधून सी काढला की ई मायनर. बी हाफ-डिमिनिश्ड (बी-डी-एफ-ए) आली तर याच हिशेबाने डी मायनर.

आता फक्त बारीक तीन तारा. आकडे फ्रेटचे, क्रम तिसरी-दुसरी-पहिली तार:

एफ मेजर ५-६-५
बी डिमिनिश्ड ७-६-७
ई मायनर ९-८-७

पहिल्या बदलात दुसऱ्या तारेवरचा एफ जागचा हलत नाही, दुसऱ्या बदलात पहिल्या तारेवरचा बी. आधी ६० च्या लयीत तिन्ही स्वर एकदम छेडा, मग सुटे करा. सुटे करताना प्रत्येक वेळी खालून वर गेलात तर तो पलटा होतो, सोलो नाही. आठ आठव्या मात्रांचा (अर्ध्या ठोक्याच्या स्वरांचा) बार ३+३+२ असा तोडा आणि दर गटाला दिशा बदला.

बारची रेघ ओलांडताना मात्र काळजी हवी. जी सेव्हनचा बार एफवर संपवा (दुसरी तार, ६) आणि पुढचा ई वर उचला (तीच तार, ५). त्यासाठी ई मायनर ४-५-३ या जागी घ्या. त्या एका अर्ध्या स्वराच्या उतरणीत कॉर्ड बदललेली स्पष्ट कळते.

सुटलेला_बेस:
वरचं बरोबर. जी सेव्हनवर एफ मेजरही घेतात, पण त्यातल्या सी वर थांबू नका. कॉर्डच्या बी शी तो भांडतो. जाता जाता चालेल.

ताण हवा असेल तर जी सेव्हनवर ई फ्लॅट मेजर: ३-४-३. तिथून ई मायनर ४-५-३. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवरची बोटं एकेक फ्रेट वर सरकतात, पहिल्या तारेवरचा जी तसाच. इतकी सोपी आणि इतकी गोड सुटका दुसरी नाही. साथीदार जी थर्टीन वाजवत असेल तर मात्र हा ट्रायड टाळा, त्याचा ई आणि तुमचा ई फ्लॅट एकमेकांवर आपटतील.

गपनी:
सरगम येणाऱ्यांसाठी: सी ला सा धरला तर सी मेजर सेव्हनवरचा ई मायनर म्हणजे ग-प-नी. त्याच कॉर्डवर जी मेजर म्हणजे प-नी-रे. डी मेजर घेतलात तर रे, तीव्र म, ध; थेट यमनचे स्वर. शेवटच्या दोन बारांपैकी दुसऱ्यात तो फार खुलतो. पहिल्यात नको, आधी ग आणि नी कानात बसू द्या.

सहा_तारा:
४-५-३ जमलं. पण ई फ्लॅट एकट्याने वाजवला की खालची कॉर्ड जी सेव्हन वाटतच नाही.

सुटलेला_बेस:
वाटणारच नाही. त्या ट्रायडमध्ये बी नाही आणि एफही नाही, आणि जी सेव्हनची ओळख त्या दोघांत आहे. मोबाइलवर साथ रेकॉर्ड करून घ्या: सहावी तार ३, चौथी ३, तिसरी ४, बाकी तारा बंद. जी, एफ, बी, एवढंच. पाचवा स्वर मुद्दाम घालू नका. त्यावर ३-४-३ वाजवून बघा.